वरचा वर्ग

२ सप्टेंबर, मंगळवार

कन्येचा खोडरबर पुन्हा संपला. नवा देऊन महिनाही झाला नव्हता. तिला समोर बसवून काटकसरीवर चार शब्द सुनवायला घेतले. ती म्हणाली, बाबा, माझी गणितं सगळ्यांच्या आधी होतात. झाली की डोकं बाकावर ठेवून गप्प पडून राहायचं असतं. मला ते आवडत नाही, म्हणून मी उत्तरं खोडते आणि परत लिहिते.

काटकसर तिथेच सोडली. मुलगी असामान्य आहे. मागे तिने विचारलं होतं की आरशात डावं-उजवं उलटं होतं, मग वर-खाली का होत नाही? तेव्हा मी, महाग आरशात होतं, असं सांगून वेळ मारून नेली होती. आता सगळं लक्षात आलं. तिसरीत ती कुजतेय. तिला चौथीत घालायलाच हवं.

संकल्प : हे काम मी स्वतः करणार. शांतपणे. आवाज न चढवता.

३ सप्टेंबर, बुधवार

हिला सांगितलं. ही औषधाच्या दुकानात काउंटर सांभाळते, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचा आधी डोस ठरवते. म्हणाली, वर्गाच्या बाईंना भेटा, एकदाच भेटा आणि थोडक्यात बोला. मी म्हटलं, अशी कामं वरून होतात, इतकी वर्षं ऑफिसात काढली आहेत, मला कळतं. ही म्हणाली, इतक्या वर्षांत तुमचं कुठलं काम वरून झालं?

अर्ज लिहायला बसलो. ‘थोडक्यात’ या मथळ्याखालीच चार पानं झाली. सही ठसठशीत यावी म्हणून रद्दी कागदांवर सराव केला.

८ सप्टेंबर, सोमवार

मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, भेटलो. त्यांनी अर्ज घेतला आणि भाजी तोलावी तसा हातावर तोलून बाजूला ठेवला. म्हणाल्या, वर्ग ओलांडायचा तर चाचणी असते, त्यासाठी वर्गाच्या बाई नाव सुचवतात, त्यांच्याशी बोला. शुद्ध टोलवाटोलवी! मी आवाज चढवला नाही. शिपाई मधेच दार उघडून डोकावून गेला, तो बहुधा त्याच्या कामासाठी.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

वर्गाच्या बाईंनीच फाटकाशी गाठलं. वयाने माझ्या पुतणीएवढ्या. म्हणाल्या, ती खोडून परत लिहिते ते मी रोज बघते. हल्ली हातही वर करत नाही. माझ्या डोक्यात आहे, थोडा वेळ द्या. आणि मोठ्या बाईंकडे सारखे जाऊ नका, त्या वैतागतात.

मी समजुतीने मान हलवली. बिचारीच्या हातात काय असणार? खडू.

ऑफिसात सांगून टाकलं की केस वरपर्यंत गेली आहे. साहेब म्हणाले, वा. हे साहेब फाइल लावायला माझ्याकडे शिकले. असो. त्याचा इथे संबंध नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज सोक्षमोक्ष लावायचाच म्हणून रजा टाकली. मोठ्या बाईंच्या दाराबाहेर पालकांची ही रांग. खालच्या मजल्यावर रंगकाम काढलंय आणि तिसरीतल्या मुलांना वासाने खोकला येतो, ही सगळ्यांची रड. शिक्षणाचं कुणाला काही पडलेलं नाही.

माझा नंबर आला तोवर मोठ्या बाई पार कावल्या होत्या. मी एवढंच म्हटलं की माझी मुलगी तिसरीत आहे, तिचं काय ठरलं? पुढचं बोलूच दिलं नाही. म्हणाल्या, हो हो, सोमवारपासून ती वरच्या वर्गात बसेल, सगळी व्यवस्था झाली आहे, आता कृपा करा आणि या.

जिंकलो! अर्जाचाच परिणाम. बहुतेक चौथं पान.

घरी येऊन सासऱ्यांना फोन लावला. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. लग्नापासून मला ‘बरं चाललंय ना’ यापलीकडे काही विचारत नाहीत आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत. म्हटलं, तुमच्या नातीला वरच्या वर्गात घातलं. मी घातलं. त्यांनी ‘कुणी?’ असं परत विचारून घेतलं. मग म्हणाले, शाब्बास. मला! स्पीकर चालू होता, ही आणि कन्या दोघींनी ऐकलं. कन्या काहीतरी सांगायला पुढे आली होती, पण मी तिला उचलून गरागरा फिरवली. मग ते राहूनच गेलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

कन्या वर गेली. संध्याकाळी विचारलं, कसं वाटतंय वरच्या वर्गात? म्हणाली, वारा छान येतो. मुलं कशी आहेत? म्हणाली, नेहमीसारखीच. म्हणजे मोठ्या मुलांचं जराही दडपण नाही! बाई? म्हणाली, त्याच. तिला परकं वाटू नये म्हणून शाळेने बाईंनासुद्धा वर पाठवलं. इतका बारीक विचार. मोठ्या बाईंबद्दल मी मनात जे जे म्हटलं होतं ते मागे घेतलं.

पुस्तकं मात्र अजून तिसरीचीच. तिथे नेहमीचा ढिसाळ कारभार. चौथीचा अख्खा संच मीच आणला. कन्येने एकेक पुस्तक उघडून वास घेतला, गणिताचं जरा जास्त वेळ चाळलं, आणि सगळी कपाटात लावून ठेवली.

ही म्हणाली, शाळेत जाऊन एकदा खात्री करून घ्या. हिला कुठलीही गोष्ट एक्सपायरी डेट बघितल्याशिवाय पटत नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

ऑफिसात केक नेला. सगळे जमले होते आणि मी अर्जाबद्दल सांगत होतो तेवढ्यात वर्गाच्या बाईंचा फोन. म्हणाल्या, चौथीत जायची चाचणी उद्या शाळा सुटल्यावर आहे. मी तिचं नाव दिलंय. परीक्षक बाहेरून येतात, परत येत नाहीत. तिला थांबू द्या.

मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, नम्रपणे सांगितलं की बाई, ती केव्हाच वर गेली. ज्यांची मुलं अजून खाली आहेत त्यांनी चाचण्या द्याव्यात. त्या म्हणाल्या, अहो, वर म्हणजे... तेवढ्यात साहेब स्वतः केक घ्यायला आले. फोन ठेवावा लागला. नंतर दोनदा वाजला. उचलला नाही. स्वतः रोज वर शिकवतात आणि वर काय चाललंय याचा पत्ता नाही!

साहेबांनी केक दोनदा घेतला.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी कन्येने विचारलं, बाबा, बाईंनी शाळा सुटल्यावर थांबायला सांगितलंय, थांबू का? म्हटलं, काही गरज नाही, मी बाईंशी बोललोय, मीच न्यायला येतो. ती म्हणाली, मला थांबायला आवडेल. मी म्हटलं, असं कमीपणा घेत जाऊ नये.

घंटेच्या आधीच फाटकाशी हजर राहिलो. दोन पेन्सिली टोक करून हातात धरल्या होत्या तिने. आइस्क्रीम खायला नेलं. अर्धं टाकलं. चौथीचा अभ्यास झेपायला जरा वेळ लागणारच.

२९ सप्टेंबर, सोमवार

सासरे मुद्दाम आले. नातीचा वर्ग बघायचा म्हणाले. मी सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला. जिना चढताना त्यांना हात दिला, तो त्यांनी घेतला. हेही पहिल्यांदाच.

वरच्या वर्गाच्या दारावर कागद चिकटवला होता. ‘इयत्ता तिसरी. खाली रंगकाम असल्याने.’

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. आत कन्या, तिची नेहमीची मैत्रीण, नेहमीची सगळी मुलं. कन्या खोडत होती.

वर्गाच्या बाई बाहेर आल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, मी मोठ्या बाईंना खूप सांगितलं, पण त्यांनी ‘पालकांची इच्छा नाही’ असं लिहून नाव काढून टाकलं. आता दुसरी चाचणी नाही. तिसरीतल्या मुलांची ही एकदाच होते. मी म्हटलं, मी नवा अर्ज देतो. त्या म्हणाल्या, नका देऊ. तुमचं नाव ऐकलं तरी त्या आता फाइल मिटतात.

जिना उतरताना सासऱ्यांनी हात घेतला नाही. फाटकाशी म्हणाले, बरं चाललंय ना. आणि गेले.

हिला सांगितलं. हिने कपाटातून चौथीचा संच काढून पिशवीत भरला. हिने बोलावं अशी मी वाट बघत होतो.

कन्येला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, हो, आमचा सगळाच वर्ग दप्तरं घेऊन वर गेला. मग मला सांगितलं का नाहीस? ती जरा वेळ पायाने चप्पल उलटी-सुलटी करत राहिली. मग म्हणाली, आजोबा तुम्हाला शाब्बास म्हणाले होते ना.

मला फार लाज वाटली. दुसरा शब्द सापडत नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

ऑफिसात साहेबांनी विचारलं, कन्या काय म्हणतेय वरच्या वर्गात? म्हटलं, वारा छान येतो.

चौथीचा संच परत घेत नाहीत. नवा संकल्प करायला बसलो होतो. सुचला नाही.

येताना खोडरबर आणला. सगळ्यात मोठा. वर्षभर सहज पुरेल, असं दुकानदार म्हणाला.