डोंगरावरच्या गावात मामांची शाल

इटली,
१४ सप्टेंबर २००४

आदरणीय पोपटमामा,

तुम्हाला आणि ताईबाई मामींना महेंद्रचा जय भीम. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींची शुगर उतरली का? (त्यांना सांगा, चहात साखर सोडली म्हणून पेढे माफ होत नाहीत.) रेल्वेतून रिटायर होऊन वर्ष झालं तरी तुम्ही अजून गाडीच्या भोंग्यावर जेवायला बसता, असं कळलं. म्हणजे गाडी लेट असेल त्या दिवशी मामींचे हाल. माझी तब्येत बरी आहे. इथे भाकरी सोडून सगळं मिळतं.

आता मुद्द्याचं. दौंड स्टेशनवर तुम्ही पिशवीत शाल कोंबून म्हणाला होतात, "कोरी हाय, शिरूरहून आणलीया. मोठ्या साह्यबाचा सत्कार कर. घरात एक परमनंट पगार आल्याबिगर माझ्या दीक्षाच्या लग्नाचं मी बोलनार न्हाई." तेव्हापासून सहा आठवडे ती शाल माझ्या उशाला होती. कारेगावच्या कंपनीतून आलेल्या आम्हा दहा ट्रेनींपैकी कोणाला परमनंट करायचं, हे इथले मोठे साहेब ठरवणार. आम्ही त्यांची फक्त सही पाहिलेली. (सही इतकी लांबलचक, की माणूस सहा फुटी तरी असावा असं मी धरून चाललो होतो.)

परवाच्या रविवारी कंपनीने आम्हाला सहलीला नेलं. डोंगराच्या टोकावर सातशे वर्षांपूर्वीचं गाव. बस खाली सोडायची आणि जत्रेला आल्यासारखं पायी चढायचं. गाईड बाई मिटलेली छत्री वर धरून पुढे, आम्ही मागे. बाई प्रत्येक दगडापाशी थांबून सातशे वर्षं म्हणत. गाव चांगलं आहे. दगडी घरं, दगडी बोळ, मध्ये एक उंच बुरूज. वेस तर अशी, की उसाची ट्रॉली आत जायची नाही. त्या भिंतींवर बनियनीही वाळत होत्या, त्यांचं वय मात्र बाईंनी सांगितलं नाही. मोठे साहेब स्वतःच्या गाडीने थेट जेवायला वर येणार आहेत, एवढं मात्र बाईंनी सांगितलं आणि मग मला एकही दगड दिसेना.

चौकात कचेरीच्या पायरीवर एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ उभे होते. सहा फुटी. छातीवर तिरंगी पट्टा, आणि लोक रांगेने हात मिळवत होते. आपल्याकडे असा माणूस दिसला की तो सत्कारमूर्ती, हे पोरालाही कळतं. कोणीतरी त्यांना पट्टा घालून आपल्या आधी नंबर लावला, म्हणून मी घाईने घुसलो आणि शाल त्यांच्या खांद्यावर घातली. ते ती काढून घडी करायला लागले. (फोटोआधी शाल काढायची नसते, हे त्यांना कोण शिकवणार?) मी त्यांचा हात घट्ट धरून समोर बघत उभा राहिलो. मागे हाफ पँटमधला एक बुटका माणूस आइस्क्रीम खात होता. त्याच्या हातात कॅमेरा दिला, आइस्क्रीम मी धरलं, आणि खुणेने त्याला तीनदा मागे सरकवलं.

फोटो निघाला. आपला हौशीराम, माझ्या शेजारच्या मशीनवरचा, बाईंना विचारून आला आणि कानाशी हळूच म्हणाला, "म्हेंद्या, पट्टेवाला हितला सरपंच हाय. फोटो तू साह्यबाला काढाय लावलास."

साहेबांनी कॅमेरा परत दिला, आइस्क्रीम परत घेतलं आणि गाईडमार्फत हे काय होतं ते विचारलं. बाई म्हणाल्या, त्यांच्याकडे मोठ्या माणसाला असं पांघरतात. साहेबांनी स्वतःच्या मोकळ्या खांद्याकडे पाहिलं आणि ते जेवायला गेले. मामा, खरं सांगतो, मला परमनंटची नाही, दीक्षाची काळजी वाटली.

सरपंच मात्र खूश. त्यांनी शाल कचेरीच्या काचेच्या कपाटात, वेशीच्या जुन्या किल्लीशेजारी ठेवली. ठेवताना शालीच्या कोपऱ्याला टाचलेली एक चिठ्ठी सापडली आणि ती मलाच वाचायला दिली. 'श्री. पोपट यांस, सेवानिवृत्तीनिमित्त, दौंड.' (शिरूरची कोरी शाल. असो.) त्यांनी चिठ्ठीही कपाटात लावली. आता रोज येणाऱ्या पाहुण्यांना गाईड बाई ती किल्ली आणि तुमचं नाव दाखवतील. वय काय सांगतील, देव जाणे.

सर्वांना जय भीम. चिमण्यांना गोड पापा.

तुमचा भाचा,
महेंद्र

ता. क. साहेबांचा शेरा बंद पाकिटात आहे, ते कारेगावलाच उघडणार. तोवर दीक्षासाठी दुसरं स्थळ बघू नये, एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. २. पाकिटात काहीही निघो. दीक्षाची शिक्षणसेवकाची तीन वर्षं भरली, ती कायम झाल्याचा कागद गेल्या सोमवारी आला, असं तिने फोनवर सांगितलं. तुम्ही आधी माझ्या तोंडून ऐकावं म्हणून तिने तो डब्यात तांदळाखाली ठेवलाय. घरात एक परमनंट पगार आला, मामा. आता बोला.