मुऱ्यांचा डबा

देऊळगाव राजा
२६ नोव्हेंबर २००७

ती. दादास मंजुळाचा नमस्कार.

आपली काजल परवा बाळंत झाली, मुलगी आहे. दोघी ठीक, पण काजलले दूध उतरत नाही. फोनवर सांगायले गेले की मले रडू येते, म्हणून लिहिते. पहिलटकरणीले दूध यावं म्हणून मामानं डोहातल्या मुऱ्या मासोळ्या स्वतः धरून पाठवायच्या, ही आपल्या घरची रीत. माझ्या वेळी उकंडमामानं काठच्या सादड्याच्या झाडाच्या मुळांत हात घालून काढल्या होत्या. आता मामा तू. सबबी सांगू नको, आळशी कुठला! तुमच्या गावचा निवृत्ती इकडं येणार आहे, त्याच्या हाती डबा दे.

वहिनीले सांग, नात तिच्यासारखी गोरी नाही. माया आहे तशी राहू दे.

तुझी मंजुळा

उंद्री
३० नोव्हेंबर

चि. सौ. मंजुळास इंद्रभानचा आशीर्वाद.

डबा पाठवला. सकाळीच डोहात उतरलो, गळ्याएवढं पाणी. मुऱ्या टोपल्यात मावेनात. काजलले पातळ रस्सा दे, तिखट कमी टाक. कापूस बरा आहे. घाईत लिहिलं, गोड मानून घे.

दादा

देऊळगाव राजा
४ डिसेंबर

ती. दादास नमस्कार.

डब्याच्या तळाशी बर्फाचा खडा निघाला. दादा, तुझ्या डोहात बर्फ कधीपासून पडून राह्यला? मुऱ्यांचे डोळे पांढरे, पोटात वाळूचा एक कण नाही. भोयाची लेक आहे मी, बाजारचे मासे मले ओळखू येणार नाहीत असं वाटलं काय तुले? काऊन खोटं लिहिलं?

तरी रस्सा केला. काजलनं बोटं चाटली, म्हणाली की मामाच्या डोहाची चव काही लपत नाही. मी हाव म्हटलं. मले माझीच लाज वाटली. दूध उतरलंच नाही, डॉक्टरनं पावडर लिहून दिली.

अन् काजलचा भाऊ हर्षल मागं लागला आहे. या तान्ह्या पोरीचा मामा तो, म्हणून चैत्रात तुझ्याकडं येऊन मुऱ्या धरणं शिकतो म्हणते. काय सांगू त्याले? आधी खरं लिही, लोभाचं मग पाहू.

मंजुळा

उंद्री
९ डिसेंबर

चि. सौ. मंजुळास आशीर्वाद.

हाव, चिखलीच्या बाजारातून आणल्या. आधी दोन दिवस डोह चाळला. सगळे चिलापी मासे, मुरी एक नाही. पाणी गुडघ्याएवढं.

दोन वर्षांमागं काठचे सादडे, जांभळं, करंज तोडले. सावलीत बीटी कापूस बोंड धरत नाही, दोन ओळी वाया जातात, शेजारच्या शेषरावानं तोडले मग तू काऊन ठेवले, असं तूच माझ्या ओट्यावर बसून म्हणाली होती. दोन ओळी वाढल्या. पहिल्याच पावसात काठ खचला, वावरातली माती डोहात बसली. मुरीले स्वच्छ वाळू लागते. वाळू गेली गाळाखाली. सावली नाही, तर उन्हाळ्यात पाण्यात पाय ठेववत नाही. तुझ्यावर ढकलून मोकळा होणार होतो, पण कुऱ्हाड माझ्या हातात होती, अन् तुझं बोलणं मले तेव्हा गोड लागलं होतं.

हर्षल आला तर त्याले मी काय दाखवू, बुंधे? बाजारात नेईन. बर्फातले ताजे कोणते अन् शिळे कोणते, तेवढं शिकवीन. ही पोरगी मोठी होईल, तिच्या बाळंतपणाले तेवढंच कामी येईल.

रागावली तरी दोन ओळी टाकत जा.

दादा