डबा द्यायला आलेला पाहुणा

पांडेसरा, सुरत
ता. २२ नोव्हेंबर १९९६

तीर्थस्वरूप अक्कास,

रंगनाथचा साष्टांग नमस्कार. इकडं आम्ही सगळे ठीक. दिवाळीची सुट्टी संपली, मिलचे भोंगे सुरू झाले. तू पाठवलेला चिवडा पोरांनी गाडीतच संपवला, मला नुसता वास मिळाला. गुडघ्याला तेल लावतेस ना?

लक्ष्मणची जखम कधीच भरली. बोटं गेली ती गेलीच. तुझी सखू मात्र धीराची. नवऱ्याला डाव्या हातानं जेवायला शिकवते आणि वर चेष्टा करते, "चला, पत्ते पिसायचं तरी सुटलं!"

शेठ माणूस वाईट नाही. दवाखान्याचं बिल त्यानंच भरलं, मोसंबी घेऊन भेटायला आला. म्हणणं एवढंच, की लक्ष्मण त्याचा कामगार नव्हता. आम्ही ठेकेदार माणसं लावतो, त्यांतल्या बऱ्याच जणांची नावं रजिस्टरात नसतात, हे अख्ख्या पांडेसऱ्याला ठाऊक आहे. काम चालू असेस्तोवर कुणी विचारत नाही. अपघात झाला की तोच माणूस पाहुणा होतो. मेव्हण्याचा डबा द्यायला आला आणि मशीनच्या साखळीत हात गेला, असं लिहून द्यायचं. मेव्हणा म्हणजे तुझा गणेश. त्याचं नाव रजिस्टरात आहे.

हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. गणेशनं त्या कागदावर सही केली, अक्का.

पोराला एकट्याला दोष देऊ नकोस. रविवारी खोलीवर आपल्याकडची सगळी माणसं जमली. "वर्गणी काढू, लक्ष्मणला पानटपरी टाकून देऊ, पण कोर्ट नको. शेठ आपल्या सगळ्यांनाच काढंल." त्यांचंही चूक नव्हतं. लक्ष्मणचे वकील मुकुंदराव म्हणाले, "काका, कायदा तुमच्या बाजूनं आहे." मी म्हटलं, "असेल की साहेब, पण तो राहायला पांडेसऱ्यात नाही. आम्हाला इथंच राहायचंय." सगळे हसले. सखू हसली नाही. "मामा, सकाळी दोन डबे मीच बांधायचे. दुसरा कुणाचा, ते सांगा कोर्टात," म्हणाली आणि भांडी घासायला बसली. गणेश तोंड धुवायला म्हणून उठला, तो परत आलाच नाही.

परवा मिलमध्ये गेलो होतो. माझे कान किती तिखट, तुला माहीत आहे. दाराआड मॅनेजर शेठला सांगत होता, "रंगनाथ आपणो माणस छे, ए नहीं बोले." या मुलखात कुणीतरी आपला म्हणावं म्हणून इतकी वर्षं राबलो. ऐकलं आणि जिन्यातच बसलो.

येत्या गुरुवारी लक्ष्मणच्या भरपाईच्या दाव्यात माझी साक्ष आहे. लक्ष्मणला मीच कामावर लावलं, रोज मीच त्याला मशीनवर उभा करत होतो, तेवढं सांगणार आहे. मग माझा ठेका राहत नाही, आणि आपल्या माणसांचं कामही. ते मला शिव्या देतील. देऊ देत.

साक्ष झाली की गणेश माझ्या आधी गावी पोचेल. रागात असेल. आधी त्याला जेवू घाल, मग विचार. माझ्याबद्दल काय म्हणेल ते ऐकून घे, त्यात खोटं फारसं नसेल. लक्ष्मणबद्दल म्हणेल ते तेवढं खरं धरू नकोस.

तुझ्या दोन्ही लेकरांचा मामा,
रंगनाथ