ऐकून खेळायची मारामारी

४ फेब्रुवारी

पुन्हा पुढे ढकललं! तिसऱ्यांदा. बाहेरच्या देशांत हा मारामारीचा व्हिडिओ गेम लोकांनी खेळून खेळून शिळा केला, आणि आम्ही नवी चित्रं, नवे आवाज घालून आपल्या भाषेत आणतोय तो अजून ‘लवकरच येत आहे’. साहेबांनी सकाळी सगळ्यांना जमवून कारण सांगितलं — आपल्या भाषेतले आवाज अजून बसले नाहीत. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. वळू देत. आवाज माझ्याकडे आहेत आणि ते चोख बसलेत. घोडं अडलंय ते चित्रवाल्यांकडे. खेळातल्या लोहारणीने हातोडा हाणला की पडद्यावर ठिणग्यांचा असा काही धुरळा उडतो की कोण कोणाला बडवतंय तेच कळत नाही. पण ठिणग्यांना नावं कोण ठेवणार? त्याच तर पोस्टरवर आहेत!

ढकललं ते बरंच झालं. मला वेळ हवाच होता.

७ फेब्रुवारी

वेळ कशाला, ते इथे लिहून ठेवते. ऑफिसात अर्धंच सांगितलंय.

न बघता, नुसतं ऐकून खेळता येईल अशी सोय मी या खेळात करतेय. डोक्यावरचा फटका — काच तडकल्याचा आवाज. पोटातला — गादीवर धपाटा. पायातला — वाळूवर बूट घासल्याचा. बचाव केला तर लाकडावर लाकूड. समोरचा जवळ आला की टिकटिक वाढते. डावीकडे असला तर ती डाव्या कानात. अशी सोय असली की खेळाला बक्षिसं मिळतात, असं साहेबांच्या कानावर घातलं. लगेच मान हलवली त्यांनी.

खरं कारण दादा. माझा थोरला भाऊ. छापखान्यात रंग जुळवायचा — दोन लालांमधला फरक त्याला लांबून कळायचा. तीन वर्षांपूर्वी डोळे गेले. आता बँकेच्या मदतकेंद्रात फोन घेतो, आणि झकास घेतो. पण कंट्रोलर तेव्हापासून हातात धरलेला नाही. आम्ही दोघं मारामारीचे खेळ खेळत मोठे झालो. एकमेकांशी जे काही मनापासून बोललो असू ते खेळता खेळता, पडद्याकडे बघत. आता भेटलो की चहा घेतो आणि तब्येतीच्या चौकशा करतो. पाहुण्यांसारख्या! मला माझा दादा परत हवाय. बस.

१३ फेब्रुवारी

डोळ्यांवर रुमाल बांधून खेळले. म्हाताऱ्या मल्लाला लोळवलं. मग लोहारणीला. चित्रवाले खुर्च्या सोडून बघायला आले होते. आज स्वतःची पाठ थोपटून घ्यायला काहीच हरकत नाही.

बुवा — आमचा प्रोग्रामर, दाढीमुळे बुवा — तेवढा म्हणाला की खरंच न दिसणारं माणूस बसवून बघायला हवं. म्हटलं, रुमाल बांधला की मलाही दिसत नाही. तो दाढी खाजवत राहिला.

१५ फेब्रुवारी

बुवाचं म्हणणं डोक्यातून जाईना. दादाला फोन केला. नाही म्हणाला. वहिनीला केला. ती म्हणाली, आणते.

१८ फेब्रुवारी

वहिनी दादाला घेऊन ऑफिसात आली. त्याला खुर्चीत बसवलं आणि स्वतः बाहेर जाऊन थांबली. फार शहाणी आहे ती. बुवाने दुकानात जाणार ती पूर्ण प्रत लावली. मी दादाच्या हातात कंट्रोलर दिला — अंगठे आपोआप जागेवर गेले! संगीत सुरू झालं. दादा ताठ बसून ऐकत होता. संगीत संपलं, पुन्हा पहिल्यापासून वाजलं. पुन्हा संपलं.

“सुरू झालं की सांग,” तो म्हणाला.

सुरू झालंच होतं. समोर मेनू होता — मुका! आम्ही रोज तपासतो त्या प्रतीत मेनूच नसतो. वेळ वाचावा म्हणून ती थेट लढतीतच उघडते. रुमाल बांधून मी एवढ्यांना लोळवलं, पण लढतीपर्यंतची वाट मी कधी चाललेच नव्हते. आणि कहर म्हणजे ऐकून खेळायची सोय चालू करायची ती त्याच मेनूत, पार आतल्या पानावर. ज्याला दिसतं त्यालाच सापडेल अशी!

थांब, लावून देते, म्हटलं. लावून दिलं. दादा दोन लढती खेळला. आवाज त्याने पहिल्या लढतीतच ओळखले, मल्लाचा पायातला फटका तर माझ्याआधी. मग कंट्रोलर टेबलावर ठेवला.

“म्हणजे रोज कोणीतरी मला मांडून द्यायचं,” तो म्हणाला. “मग मी खेळायचं. त्यापेक्षा माझे फोन बरे.”

वहिनी त्याला घेऊन गेली. बुवा माझ्याकडे बघत नव्हता. मी रडले नाही. संतापले मात्र, स्वतःवरच. संतापले की माझं काम चांगलं होतं.

१९ फेब्रुवारी

साहेबांच्या केबिनमध्ये. आवाज चढला — माझा. चौथ्यांदा पुढे ढकललं तर परदेशातली मूळ कंपनी आपल्या भाषेतल्या खेळावर फुली मारेल, म्हणाले. मारेलही. मग विचारलं, असं ऐकून खेळणारे असतील तरी किती? म्हटलं, साहेब, पाटी वाचता येत नाही म्हणून जे दुकानात शिरलेच नाहीत त्यांना तुम्ही मोजणार कसे?

शेवटी एक आठवडा वाढवून दिला. अट एकच — ज्यांना दिसतं त्यांना उगाच बडबड ऐकावी लागता कामा नये.

२१ फेब्रुवारी

जमलं! खेळ उघडताक्षणी, काहीही दिसायच्या आत, एक आवाज म्हणणार — ‘मी बोलत राहायला हवं असेल तर कुठलंही बटण दाबा.’ दाबलं की तिथून पुढे प्रत्येक ओळ वाचून दाखवली जाते. नाही दाबलं की गप्प. एवढं साधं! बुवाने दुपारपर्यंत करूनही टाकलं.

आता ओळी बोलायच्या कोणी? आमची आवाजवाली बाई दुसऱ्या कामावर गेलीय. मग काय, मीच हेडफोन चढवला आणि रेकॉर्डिंगच्या काचेमागे जाऊन बसले. ‘मागे जा.’ ‘खेळाडू निवडा.’ ‘लोहारीण.’ ‘म्हातारा मल्ल.’ घसा बसेपर्यंत. वहिनीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, घरात येऊन बोलतेस ते पुरत नव्हतं का?

दादा शेजारीच असणार.

२४ फेब्रुवारी

पुढे ढकलल्याचं आज जाहीर झालं. लोकांनी शिव्यांची लाखोली वाहिली. एकाने लिहिलंय, तोवर माझ्या मुलांची लग्नं होतील. जेवताना सगळ्या वाचल्या, मोठ्याने. या खेपेचा उशीर माझ्यामुळे आहे आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

२ मार्च

बुवा रुमाल बांधून बसला. आज पूर्ण प्रतीवर, अगदी पहिल्या पडद्यापासून. धडपडला, म्हाताऱ्या मल्लाऐवजी लोहारणीला घेऊन बसला, पण लढतीत पोचला. कोणी बोट लावलं नाही. मग साहेबांनाही बसवलं! तेही पोचले. पहिल्याच फटक्यात आडवे झाले ते सोडा.

६ मार्च

आला! आमच्याकडे खेळ आला!

पहिली प्रत मी विकत घेतली आणि तडक दादाकडे. नको नको म्हणत होता. मी यंत्र जोडलं आणि कंट्रोलर त्याच्या बाजूला सोफ्यावर ठेवून दिला. खोलीत माझा आवाज आला — ‘मी बोलत राहायला हवं असेल तर...’ वाक्य पुरं व्हायच्या आत दादाने बटण दाबलं. ‘इथेही हिचंच ऐकायचं,’ म्हणाला, पण पुढे सरकून बसला. एकेक ओळ ऐकत खाली गेला, वर आला, मुद्दाम दोनदा चुकला, परत आला. सगळं स्वतः. लोहारीण निवडली. मी मल्ल घेतला.

दादा जिंकला. पुन्हा जिंकला. जिंकतच राहिला. वहिनी टाळ्या वाजवत होती. निघताना तो नुसतं ‘छान केलंयस’ म्हणाला. दमला असेल. एवढ्या दिवसांनी खेळला.

मी मात्र उडत घरी आले. एक आठवडा उशीर केला आणि काम फत्ते केलं.

७ मार्च

दादाचा फोन. मी ऑफिसातच होते. हॅलो नाही, काही नाही.

“तुझं लाकूड उशिरा वाजत होतं,” म्हणाला. “आधी तुला लागल्याचा आवाज, मग तुझा बचाव. दर वेळी तेवढ्याच उशिराने. चुकणारं माणूस असं मापात चुकत नाही.”

मी काहीतरी बोलायला गेले.

“लहानपणी मी तुला कधी मुद्दाम जिंकू दिलं होतं का? भोकाड पसरायचीस तरी?”

आणि फोन ठेवला.

हो. हरत होते मुद्दाम. काल इथेसुद्धा लिहिलं नाही, इतकं ते मला बरोबर वाटत होतं. त्याला हसताना बघायचं होतं मला! बुवा, साहेब, सगळ्यांशी भांडून त्याला दार उघडून दिलं आणि आत बसून मी त्याला लाडू भरवत होते. आवाज इतके चोख बसवलेत मी की त्यांनी माझीच चुगली केली. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. जाते उद्या त्याच्याकडे.

८ मार्च

जीव तोडून खेळले. दादा एकूण एक लढत हरला. कंट्रोलर सोफ्यावर आपटला आणि मला जे काही बोलला ते इथेही लिहिण्यासारखं नाही.

उद्या लवकर ये म्हणालाय.