दादूच्या खोलीतला वर्ग

अहो,

तुमचा आत्ताच डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. मी हॉस्पिटलला चालले आहे. आपल्या सुलेखनाच्या वर्गातल्या चिमणीने जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केला. प्रवेश परीक्षा तोंडावर आली आणि पोरीचा धीर सुटला. तिच्या आईने वेळेवर पाहिलं म्हणून वाचली. पण कुणाशी बोलत नाही. आईचा फोन आला, "तुम्ही या, तुमच्याजवळ ती शांत बसते." मी काय बोलणार, देव जाणे. नुसती जवळ बसेन.

आजचा वर्ग तुम्ही घ्या. फार शिकवायचं नाही. बोरू आणि शाई काढून ठेवली आहे. मुलांना एकच अक्षर सावकाश काढू द्या. हात थरथरला तर थरथरू द्या, खोडायला लावू नका. आणि कृपा करून मार्क विचारू नका, तुम्हाला ती खोड आहे. चिमणीबद्दल विचारलं तर तिला बरं नाही म्हणा. ते काही खोटं नाही.

आपला दादू त्याच्या परीक्षेच्या आधी सोडून गेला, तेव्हापासून तुम्ही त्याच्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. मुलं आत लिहीत असतात आणि तुम्ही बाहेर पेपर उघडून बसता. मी कधी आग्रह केला नाही, आजही केला नसता.

जेवण झाकून ठेवलं आहे. वाट पाहू नका, जेवून घ्या.

पण वर्ग सुटेपर्यंत आत बसा. मुलांना त्या खोलीत एकटं ठेवू नका.