खोडलेल्या ओळी

प्रिय बडबडे,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. गुरुवारी तुझी परीक्षा, म्हणजे आता तरी उत्तर द्यायलाच हवं. रोज टेबलावर कागद घेऊन बसतो आणि पेनाला टोपण लावून उठतो. तू मागितलंस ते साधंच आहे: "बाबा, तुमची भाषा चांगली. धुलाईघराच्या वीस प्रश्नांची उत्तरं लिहून द्या, मी पाठ करते." नववीत शाळा सोडलेली माझी मुलगी बारा वर्षं चादरी धुऊन आता मुकादम होऊ बघते, आणि मला वीस उत्तरं लिहिणं जमत नाही.

इथे ठीक आहे. नळाचा वायसर बदलला. भाजीत मीठ दोनदा पडतं, नाहीतर पडतच नाही. तुझ्या आईचा स्वेटर अजून खुंटीवर आहे. धुवावा की तसाच ठेवावा, हे ती गेल्यापासूनच्या दहा महिन्यांत ठरलेलं नाही.

तिची परीक्षा तुला आठवत असेल. हॉटेलच्या धुलाईघरात इस्त्रीच्या यंत्रावर एकोणीस वर्षं काढल्यावर नियम आला, की मुकादम व्हायचं तर प्रमाणपत्र हवं. शाळेचा दाखला नसला तरी चालेल, परीक्षक येऊन काम बघणार आणि तोंडी विचारणार. सहावी शिकलेली ती, पण हट्टानं वही आणली आणि आपल्याला काय काय येतं ते सुट्टीच्या दुपारी लिहायला बसली. एका ओळीला पाव तास. "हात चालतो हो, पेनच अडतं," म्हणायची.

मी आवक-जावक विभागात जन्म घालवलेला माणूस. मला तिची वाक्यं बघवेनात. तिनं लिहिलं होतं, 'चादर गालाला लावते. गार लागली तर आत ओल आहे.' मी ते लाल पेनानं खोडून वर लिहिलं, 'कापडातील आर्द्रतेचे प्रमाण तपासावे.' तिनं लिहिलं होतं, 'पट्टा घसरायच्या आधी यंत्र कण्हतं.' तेही खोडून, 'संभाव्य बिघाडाची पूर्वसूचना ओळखावी.' तिनं वाचून कपाळाला हात लावला. "अहो, हे सगळं मी करते? मग पगार फारच कमी देतात की मला!" पण पाठ केलं. भाजी निवडताना, केस विंचरताना, पुटपुटत राहायची.

परीक्षकानं तिच्या हातात चादर देऊन विचारलं, ओल कशी ओळखता? ती म्हणाली, आर्द्रतेचे प्रमाण तपासावे. "ते बरोबर, पण कसं?" त्यानं तीनदा विचारलं, तिनं तीनदा तेच वाक्य म्हटलं. घरी येऊन चपला काढता काढता म्हणाली, "तुमचं सगळं आठवलं हो. माझंच विसरले." आणि हसली. पुन्हा परीक्षेला बसली नाही.

तू अजून त्या परीक्षकाला शिव्या देतेस. नको देऊस. ती विसरली नव्हती. आदल्या दिवशी मीच तिला बजावलं होतं, "साहेबांसमोर चादर गालाला लावू नकोस, अडाणीपणा दिसतो." हे तिनं तुला सांगितलं नाही, मलाही कधी ऐकवलं नाही. लावली असती तर पास झाली असती का? कधी वाटतं, झाली असती. कधी वाटतं, तो हसलाही असता. मला खरंच कळत नाही. तुझी उत्तरं लिहायला घेतली की हात पुन्हा त्याच जड शब्दांकडे वळतो, एवढं मात्र कळतं. म्हणून उत्तरं पाठवत नाही, तिची वही पाठवतो आहे. लाल पेनानं वर लिहिलंय ते सोडून दे. खाली खोडलेलं वाच. रेघा जाड आहेत, पण पान उजेडासमोर धरलंस की तिचं अक्षर दिसतं. मीही काल पहिल्यांदाच ते नीट वाचलं.

तुझाच,
बाबा