तयार घे, जोडू नकोस

डोंबिवली (पूर्व),
८ जून २०२५

ती. मामास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तू हसशील, पण मी आयुष्यात पहिल्यांदा पोस्टात जाऊन पाकीट आणलं. तिकीट कुठल्या कोपऱ्यात लावायचं ते खिडकीतल्या बाईंनाच विचारलं. तुझ्या फोनची दहा मिनिटं आई आणि वकिलांच्या निरोपातच संपतात, माझ्या वाट्याला जेवलीस का, एवढंच येतं. म्हणून पत्र.

घरी ठीक आहे. आजीचे गुडघे तसेच. रोज सकाळी एकदा विचारते, महेंद्र या महिन्यात सुटेल ना. आई हो म्हणते आणि डबा भरायला लागते.

आता मुद्दा. माझा कॉम्प्युटर गेला. मी दहावीत असताना तू जोडून दिलेला तोच. सहा वर्षं चालला, शेवटी मदरबोर्डने मान टाकली. कॉलेजच्या आमच्या गेमिंग टीमची सप्टेंबरमध्ये स्पर्धा आहे. पाच मुली आहोत, बाकी सगळ्या टीम मुलांच्या, त्यामुळे हरायची सोय नाही. शिकवण्या घेऊन पैसे साठवलेत. रेडिमेड घेऊ की पार्ट आणून स्वतः जोडू?

स्टेशनजवळ एक तयार मशीन बघितलं. बाजूला काच, आत लग्नाच्या मांडवासारखे दिवे, तीन वर्षांची वॉरंटी. वीज पुरवणारा एसएमपीएस कुठल्या कंपनीचा, असं विचारलं तर दुकानदार म्हणाला, ताई, साडेसहाशे वॉटचा आहे, लाइट बघा ना काय भारी. तू असतास तर तिथेच त्याचा क्लास घेतला असतास. मला जोडायचाच आहे. वागळे इस्टेटच्या तुझ्या गाळ्यात सुट्टीभर बसून मी काय नुसते स्क्रू मोजले? तरी तुझं मत हवं.

जीव लावलायस तो तसाच राहू दे.

तुझी लाडकी (हे मीच ठरवलंय),
संचिता


ठाणे,
१७ जून २०२५

चि. संचिता हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र मिळालं. इथे पत्र आधी ऑफिसात वाचतात, मग हातात देतात. मांडवाचे दिवे वाचून जमादारसुद्धा हसला. मी बरा आहे. वजन थोडं उतरलंय, ते आईला सांगू नकोस. बराकीतले दोन पंखे दुरुस्त केले, तेव्हापासून मला इथे मिस्त्री म्हणतात.

कॉम्प्युटरचं म्हणशील तर तयार घे, जोडू नकोस. मी जन्मभर रेडिमेडला नावं ठेवली हे मला आठवतं, तू आठवण करून देऊ नकोस. पण तयार मशीनमागे एक दुकान असतं. बिघडलं की बिल दाखवायचं, ते निस्तरतात. जोडलेल्यात दहा कंपन्यांचे दहा पार्ट असतात, आणि काही झालं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. शेवटी येतं ते जोडणाऱ्यावर. तुझ्यावर कधी काही येऊ नये.

दिवे आवडत नसतील तर बंद करता येतात. मामाचं एवढं ऐक. अभ्यासही करत जा. ताईला सांग, वकिलांच्या मागे फार धावू नकोस.

माझ्या आईला वंदन. तुझी आठवण रोज काढणारा,
महेंद्रमामा


डोंबिवली (पूर्व),
३० जून २०२५

ती. मामास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तू असं लिहिशील असं वाटलं नव्हतं. आत राहून तू म्हातारा झालास. मी ऐकलेलं नाही, हे आधीच सांगते.

कल्याणला समृद्धीकडे गेलेले, ती आमच्या टीममधली. तिने मार्चमध्ये रेडिमेड घेतला. मी तो उघडला. आत वायरींचा गुंता, रॅमची एकच पट्टी, आणि एसएमपीएसवर कंपनीचं नावच नाही. मामा, रेडिमेड म्हणजे तरी काय? कुणाच्या तरी दुसऱ्याच मामाने जोडलेला. फक्त तो मामा आपल्याला भेटत नाही.

तर मी प्रोसेसर, बोर्ड, कॅबिनेट, ग्राफिक्स कार्ड सगळं घेतलंय. राहिला होता एसएमपीएस, आणि तो तूच दिलास! शनिवारी आई आणि मी तुझा गाळा रिकामा करायला गेलेलो, मालकाला जागा हवी आहे. टेबलाखाली सहा एसएमपीएस सापडले, सगळे खोक्यात बंद. कोलशेत रोडच्या त्या गेमिंग पार्लरच्या बिलावर जी कंपनी आहे तीच. म्हणजे त्याच ऑर्डरमधले उरलेले असणार. चांगली कंपनी आहे, मी त्यातलाच एक वापरते. येत्या रविवारी सकाळी समृद्धी येतेय, दोघी मिळून जोडणार.

वकील परवा आईला म्हणाले की पार्लरचे वीसही कॉम्प्युटर तू जोडलेस म्हणून तुला धरलंय, पण बिलं चोख आहेत. काउंटरवरच्या त्या दिशाने चहाची इलेक्ट्रिक किटली कॉम्प्युटर लावलेल्या विजेच्या बोर्डालाच लावली म्हणून आग लागली, आणि किटली हीच आपली केस आहे. ती बिचारी गेली, वाईट वाटतं. पण बावीस वर्षांच्या मुलीला एवढं कळू नये?

स्पर्धेचे फोटो पाठवीन. रागावू नकोस, आणि रागावलास तरी लवकर विसर.

तुझी,
संचिता


ठाणे,
शनिवार, ५ जुलै २०२५

संचिता,

तो एसएमपीएस लावू नकोस. लावला असशील तर आत्ता, पत्र पुढे वाचायच्या आधी, भिंतीतला प्लग काढ.

तुझं पत्र मला काल संध्याकाळी मिळालं. माझी फोनची पाळी शुक्रवारी येते, कालची आधीच होऊन गेली होती, पुढची येईतो रविवार होऊन जाईल. काळुराम नावाचा कल्याणचा माणूस आज सुटतोय, त्याच्या हाती हे देतोय. ऑफिसात साहेबांनी वाचलं. त्यांनी मला दोनदा विचारलं की खरंच पाठवायचं का, याचा अर्थ कळतो ना. मी कळतो म्हणालो.

खोक्यावरचं स्टिकर नखाने उचकटून बघ. खाली दुसरं आहे. वरची सगळी स्टिकरं मी गाळ्यात बसून माझ्या हाताने लावली. पार्लरच्या मालकाने सांगितलं की बँकेला दाखवायला बिल चांगल्या मालाचं कर, आत काहीही घाल. नाही म्हणता आलं असतं. म्हणालो नाही. एक उघडून बघितलेला. हातात घेतला तेव्हाच हलका लागला. लोड वाढला की आपोआप बंद पडायची जी सोय असते, ती आत नव्हतीच. तरी वीस लावले.

दिशाने मला दोनदा फोन केला होता. दादा, चार नंबरच्या मशीनला जळका वास येतोय, बघून जा ना, असं म्हणाली. गाळ्यापासून अर्ध्या तासाचा रस्ता. सोमवारी येतो म्हटलं. सोमवारी गेलो नाही. गुरुवारी दुपारी आग लागली. गिऱ्हाइकं पुढच्या दाराने पळाली, ती मागच्या खोलीत होती. किटली त्या दिवशी चालूही नव्हती. हे मालकाने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि वर म्हणाला की आता किटलीच आपल्याला वाचवेल. सोळा महिने मी ते चालू दिलं.

तुझ्या दहावीच्या मशीनमध्ये मी घातलेला एसएमपीएस बाजारातला सगळ्यात चांगला होता. म्हणजे मला फरक कळत होता, संचू. याच्यापुढे माझ्याकडे बचाव नाही.

महेंद्र


डोंबिवली (पूर्व),
८ जुलै २०२५

चि. महेंद्र यास,

जयभीम. तुझा तो काळुराम रविवारी अकराला दारात उभा राहिला. पोरींनी सगळं बसवलं होतं. संचिताच्या हातात प्लग होता. पाच मिनिटं उशिरा आला असता तर काय झालं असतं, ते मी मनात आणू शकत नाही. तेवढ्यापुरते तुझे उपकार मानते.

आता बाकीचं. पोरीने पत्र उभ्याउभ्या वाचलं आणि खाली फरशीवर बसली. समृद्धीला मी घरी पाठवलं. मग संचिता एका खोक्यावरचं स्टिकर नखाने खरवडत बसली, ते निघालं तशी उठली आणि आंघोळीला गेली. दुपारी जेवली नाही.

तुला मोकळं वाटत असेल. आम्ही काय करायचं? सोळा महिने मी ऑफिसातून अर्धी रजा काढून कोर्टाच्या पायऱ्या चढते आहे. शेजारी विचारतात तेव्हा मान वर करून सांगते की माझा भाऊ असा नाही. आई रोज वंदनेला बसते ती तुझं नाव घेऊन. तिला मी हे वाचून दाखवू?

ते खोके मी रेतीबंदरला जाऊन खाडीत टाकणार आहे. तू कोर्टात काही बोलायचं नाहीस. खोटं बोल असं मी म्हणत नाही. गप्प बस म्हणते आहे. गेलेली मुलगी गप्प बसण्याने परत जाणार नाही आणि बोलण्याने परत येणार नाही. तू मात्र येऊ शकतोस.

लहानपणी तुझी प्रत्येक मोडतोड मी माझ्या अंगावर घेतली. ही मला घेता येत नाही रे.

तुझं बरं चिंतणारी,
माया


डोंबिवली (पूर्व),
२१ जुलै २०२५

मामा,
जयभीम.

नेहमीसारखं सप्रेम लिहायला गेले, हात थांबला. म्हणून नाही लिहिलं.

खोके खाडीत गेले नाहीत. आई बुधवारी कामावर गेल्यावर मी ते दोन पिशव्यांत घालून रिक्षाने पोलीस ठाण्यात नेले. तिथले साहेब आधी म्हणाले की वकिलांना घेऊन या. मी म्हटलं, वकील आमचे आहेत, ते येणार नाहीत. मग पंचनामा झाला. संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. तुझं पत्रही दिलं. चार ठिकाणी सही केली.

तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास, आणि मग ते तुझं चांगलं काम झालं असतं. मला ते तसं व्हायला नको होतं.

आई बोलत नाही. ताट वाढते, पण माझ्याकडे बघत नाही. आजीला मी सांगितलं, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या मुलीला आई आहे का. मी म्हटलं, आहे. त्यानंतर तू कधी सुटतोस हे तिने विचारलेलं नाही.

एक सांग. माझ्या मशीनमध्ये चांगला घातला होतास हे तू का लिहिलंस? दिशा माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठी होती. मी ज्या मशीनवर मजेत खेळले ते आठवलं की मला स्वतःचीच किळस येते. मी काही केलेलं नसताना.

संचिता


ठाणे,
४ ऑगस्ट २०२५

चि. संचिता हिस,
आशीर्वाद.

मॅजिस्ट्रेटसमोर जबाब दिला. वकिलांनी केस सोडली. मालकालाही आणलंय, दुसऱ्या बराकीत आहे. परवा रांगेत समोर आला, तोंड फिरवून पुढे गेला.

तू केलंस ते बरोबर केलंस, असंही मी म्हणणार नाही. तुझं ते तुझ्याकडेच राहू दे.

का लिहिलं विचारलंस. तीन वेळा उत्तर लिहून फाडलं. खरं म्हणजे तुझ्यावर माझा किती जीव आहे ते तुला कळावं, असं लिहिताना मनात होतं. त्या क्षणीसुद्धा मला तेच सुचलं.

ताई फोनवर येत नाही. तिला सांग, शिव्या द्यायला तरी ये. आईचे गुडघे सांभाळा.

महेंद्रमामा


डोंबिवली (पूर्व),
१५ फेब्रुवारी २०२६

मामा,
जयभीम.

निकालाच्या दिवशी मी कोर्टात होते. मागच्या खांबापाशी उभी होते, तुला दिसले नसेन. सात वर्षं म्हणाले तेव्हा आई माझ्या शेजारी होती. मी तिला सांगितलं नव्हतं, ती आपली आपण आली होती. घरी येताना तिने माझं मनगट धरलं ते डोंबिवलीपर्यंत सोडलं नाही. पुढच्या मुलाखतीला तुला भेटायला येणार आहे. काय बोलेल ते मला माहीत नाही.

बाहेर शालूताई भेटल्या, दिशाची आई. मी तुझी कोण ते त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मला वाटलं मारतील. त्यांनी एवढंच विचारलं की तिने खरंच फोन केलेला का. मी म्हटलं, हो, दोनदा. मग म्हणाल्या की सोमवारी रात्री जेवताना ती मला म्हणालेली, आई, मिस्त्रींना सांगितलंय, ते येणारेत. मंगळवारीही तेच म्हणाली. पुढे म्हणाल्या की वर्षभर कोलशेतला लोक मला ऐकवत होते, तुझ्या पोरीनेच आग लावली, आता कोणी ऐकवत नाही. तुला माफ केलं वगैरे काही म्हणाल्या नाहीत. मीही मागितलं नाही. रिक्षात बसून गेल्या.

कॉम्प्युटर मी जोडला. सप्टेंबरची स्पर्धा तर हुकलीच. घेतलेले पार्ट सहा महिने पलंगाखाली होते. विकून टाकून तयार घ्यावा असं रोज वाटायचं. मग जानेवारीत चांगला एसएमपीएस घेतला, दुकानातच वजन करून, बिलावर नंबर लिहून घेऊन. पहिल्यांदा चालू केला तेव्हा आई मेन स्विचपाशी जाऊन उभी राहिली. तासभर उभी होती. आता चालतो नीट. खेळते कमी.

समृद्धीच्या रेडिमेडचा बिननावाचा एसएमपीएसही मी बदलून दिला. गेल्या मंगळवारी दुपारी तिचा फोन आला की आतून कसलातरी खरखर आवाज येतोय. दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता. उद्या येते म्हणणार होते. तोंडात शब्द आला होता.

गेले. एक वायर पंख्याला घासत होती, बाकी काही नाही. बांधून टाकली. कल्याणला जाऊन यायला सव्वा तास लागला, मामा. पेपरही बरा गेला.

संचिता